फाटकापाशी अडलेली व्हॅन

इस्त्री करताना ओल्या सुती कापडाची वाफ नाकात गेली, की आम्ही हिवरखेडहून अकोल्याला निघालो होतो, त्या दुपारी मी जाऊन पोचते.

आईच्या छातीत दुखत होतं. दादा आमच्या जुन्या पेट्रोल व्हॅनमधून तिला दवाखान्यात नेत होता. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं. दादाने सवयीने इंजिन बंद केलं. मालगाडी जाईपर्यंत पंधरा मिनिटं गेली, आणि मग व्हॅन सुरूच होईना.

"घरी एका चावीत लागली होती! आता काऊन नाही लागून राहिली?" दादा ओरडला. मागून हॉर्न वाजत होते. आईला धाप लागली होती.

मला एकदम सुचलं. "दादा, दोन मिनिटं थांबलो तर हे लागते. तासभर थांबलो तरी लागते. मधातच अडते. इंजिनच्या गरमीनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होत असन. पंप थंडा कर."

दादाने पुढची सीट उचलून तिच्याखालच्या इंजिनाजवळच्या पंपावर रुमाल गुंडाळला. पाणी फक्त आईच्या बाटलीत होतं. मी कचरले.

"ओत. मले तहान नाही," आई म्हणाली.

ओल्या रुमालातून वाफ उठली. तिसऱ्या चावीला इंजिन लागलं, आणि आई वाचली.

पुढे कितीतरी दिवस माझ्या हुशारीचं कौतुक झालं, आणि मीही ते मिरवलं. आता मात्र मला वेगळंच दिसतं. दवाखान्यात नर्सने दिलेला पाण्याचा ग्लास आईने एका दमात संपवला होता, आणि लगेच दुसरा मागितला होता.