शामरावांचा भरवशाचा स्टार्टर

एका शेडमध्ये एक लॉरी, एक मालक, एक ड्रायव्हर आणि एक कारकून एवढाच सरंजाम असला, तरी किस्से कसे साठतात कोण जाणे. पुण्याला गेलो की मित्र मद्रासच्या देवळांबद्दल विचारतात आणि मी लॉरीबद्दल सांगत बसतो.

कारकून म्हणजे मी. मालक शामराव, तंजावरकडचे मराठी. तमिळमध्ये बोलता बोलता मराठीवर आले की एकदम जुनी बखर उघडल्यासारखं वाटायचं. लॉरी लढाईतली, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. आणि ड्रायव्हर मुनुस्वामी, मालकांना तमिळ रिवाजाने 'मुदलाळी' म्हणणारा. तो सोडून ती लॉरी कुणालाच दाद देत नसे.

*

लॉरीचा स्टार्टर गेला. आता इंजिन सुरू करायचं तर पुढून हँडल खुपसून गरागरा फिरवायचं, नाहीतर गाडी उतारावरून सोडायची. मद्रास पडलं ताटासारखं सपाट. आमच्या भागात उतार एकच, एग्मोरकडचा रेल्वेवरचा पूल. शामराव लॉरी पुलावरच उभी करू लागले. गिऱ्हाईक आलं की मी त्याला पुलावर घेऊन जायचो.

शेवटी शामरावांनी राहतं घरसुद्धा पुलाच्या पायथ्याशी भाड्याने घेतलं. नवं घर कसं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "उतार बरा आहे."

*

त्यांचा एक स्वभाव इथेच सांगून ठेवतो. चांगल्या वस्तूवर त्यांचा फार जीव. एक उत्तम छत्री होती त्यांच्याकडे. पाऊस आला की ती भिजेल म्हणून घरी राहायची आणि हे निथळत शेडवर यायचे. उन्हात रंग उडेल म्हणून तेव्हाही घरीच. ती बाहेर निघायची फक्त संध्याकाळी, आभाळ निरभ्र असताना, बीचवर.

*

एके सकाळी इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडल मुनुस्वामीच्या मनगटावर बसलं. तो हात गळ्यात बांधून शेडवर आला आणि शांतपणे म्हणाला, की पोंगलपर्यंत भरवशाचा स्टार्टर बसवा, नाहीतर मी चाललो.

शामरावांचं तोंड उतरलं. मुनुस्वामी गेला की लॉरी भंगारात, आणि लॉरी भंगारात गेली की आम्ही रस्त्यावर. मी खरंच घाबरलो होतो.

*

मग पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या दुकानांत आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलगी बघायला जावं तसे शामराव निघायचे. राहुकाल टाळून, कपाळाला गंध लावून. दुकानदाराने स्टार्टर पुढे ठेवला की आधी त्याच्या घराण्याची चौकशी. कुठल्या गाडीवर होता, ती गाडी कशाने गेली, मालक कसा होता?

एका दुकानदाराने सांगितलं, मालक संन्यास घेऊन काशीला गेला. शामरावांनी हात जोडले आणि तोच स्टार्टर उचलला. लॉरीवर बसवला, तर तो झकास फिरायचा आणि इंजिन जागचं हलायचं नाही. त्याचे दाते आमच्या इंजिनाच्या दातेरी चाकात बसतच नव्हते.

मुनुस्वामी म्हणाला, "याला पण वैराग्य आलंय."

*

दुसरा शामरावांनी वजनावर पसंत केला. दोघांनी मिळून उचलावा लागला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. तो निघाला बारा व्होल्टचा आणि आमची बॅटरी सहाची. बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखा एक आळस द्यायचा, बस्स. शामरावांनी जोडीला आणखी एक बॅटरी लावली.

इंजिन धडाक्यात सुरू झालं! हेडलाइट एकदा लख्ख पेटले आणि कायमचे विझले. हॉर्न असा काही ओरडला, की समोरून येणारे बैल गाडीवानासकट माघारी बाजारात गेले.

*

पोंगलच्या आदल्या दिवशी अखेर कोरा करकरीत स्टार्टर आला. सहा व्होल्टचा, दाते जुळणारा. चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर लावला. मुनुस्वामीने बऱ्या हाताने बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शामराव छातीवर हात ठेवून ऐकत होते. मग त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं.

"किती भरवशाचा आहे पाहा," ते म्हणाले. "असला जिन्नस रोज झिजवावयाचा नव्हे. अडल्या वेळेस ठेवूं. मुनुस्वामी, हँडल आण."

मुनुस्वामीने हँडल आणलं. आमच्या देखत तो शेडच्या मागे गेला आणि ते कूवम नदीत टाकून आला. म्हणाला, नोकरी सोडत नाही, पण यापुढे माझा हात स्टिअरिंगशिवाय कशालाही लागणार नाही.

पोंगल झाल्यावर सकाळी कामावर येताना पाहिलं, तर लॉरी पुलावर, उताराच्या तोंडाशी. कोरा स्टार्टर जागच्या जागी. मुनुस्वामी स्टिअरिंगवर हात ठेवून आरामात बसलेला. आणि मागे लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यावर खोचून, लॉरीला खांदा लावून, घामाघूम झालेले शामराव.

मुनुस्वामीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अजून थोडं, मुदलाळी," तो म्हणाला. "स्टार्टर झिजेल."