आशियाला गेट नाही

दादा आखातात वेल्डर म्हणून निघाला तेव्हा आई म्हणाली होती, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील." कसलं बघता बघता! करार कधीच संपला. मालकाने पासपोर्ट कुलपात घातलाय आणि सोडायचं नाव नाही. फोनवर दादा सारखा विचारतो, "दापोडीत आत्ता काय चाललंय गं?" काय चालणार? तू नाहीस, एवढंच चाललंय.

मी पिंपरीच्या कोर्टात वकिली करते. जगाची भांडणं लढते आणि सख्ख्या भावासाठी हात चोळत बसते. वकिलातीकडे अर्ज केले. उत्तर ठरलेलं, विचाराधीन.

बाबांचा जन्म कारखान्यात गेला. त्यांच्या युनियनची एक रीत होती. एकावर अन्याय झाला की सुटलेली शिफ्ट घरी जायची नाही, गेटसमोर उभी राहायची. घोषणा नाहीत, नुसतं उभं राहायचं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "लेबर कोर्टाच्या वर हायकोर्ट, त्याच्या वर दिल्ली. दिल्लीच्या वर कुठलं गेट?"

"मानवी हक्कांचं कोर्ट युरोपात आहे, आफ्रिकेत आहे, अमेरिकेकडेही आहे," मी म्हणाले. "देशात दाद लागली नाही की माणसाचं गाऱ्हाणं तिथं पोचतं. आशियात कुठे आयोग, कुठे जाहीरनामे. परिषदा भरतात, भाषणं होतात. सगळ्या आशियाचं म्हणावं असं कोर्ट अजून नाही."

"एवढा मोठा आशिया, आणि गेटच नाही? कमाल आहे राव!"

त्याच आठवड्यात शनिवारी बाबा घरातून गायब. फोन केला तर स्वारी चाकणला! दादाने पाठवलेल्या फोटोत त्याच्या हेल्मेटवर कंपनीचं जे नाव होतं, तेच तिथल्या एका कंपनीच्या पाटीवर होतं. मी तणतणत पोचले. बाबा जुना युनिफॉर्म इस्त्री करून, घालून उभे.

"अहो बाबा, नाव सारखं असलं तरी मालक वेगळा! यांचा काही संबंध नाही."

"नसू दे. गेट तर आहे ना?"

तेवढ्यात शिफ्ट सुटली. मराठवाड्याकडचा एक कामगार थांबला. "काका, काय झालं?" बाबांनी सांगितलं. तो बॅग खाली ठेवून शेजारी उभा राहिला. मग आणखी एक, मग चार-पाच जण. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांवरून फिरवला.

"बाबा, एवढी माणसं कुणासाठी?"

"तुझ्यासाठी रे."

दादाने फोन खाली ठेवला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि त्याचं रडणं ऐकू येत होतं.

तो अजून आलेला नाही. बाबांचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, म्हणून दर शनिवारी त्यांच्या जागी मी जाते. गेट चुकीचं आहे, मला माहीत आहे. पण दुसरं आहे कुठे?