न घडलेलं विचारणाऱ्या वकीलबाई

वकीलबाई न घडलेल्या गोष्टी घडून गेल्यासारख्या विचारत. समोर बसलेल्या धडधाकट माणसाला त्या शांतपणे म्हणत, "तुमी गेल्यावर मंग काय झालं?" आणि तो माणूस थोडा विचार करून उत्तरही देई. विचारताना त्यांची नजर खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर असे. भंडाऱ्याला कोर्टामागच्या गल्लीत, जिना चढून गेलं की त्यांची खोली. नव्याने येणाऱ्याला वाटे, बाईंचं लक्षच नाही. लक्ष असे, पण ते बरंच पुढच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसलेलं असे.

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते शेताची कंपनी करायला. अड्याळजवळ आमची वडिलोपार्जित धानाची शेती. रासायनिक खत मी केव्हाच बंद केलं होतं. तलावाचा गाळ, शेणखत आणि बांध्यांतल्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांतल्या, पाण्यात सोडलेले मासे, एवढ्यावर सुवासिक धान पिकत होता. मासे सोडायची कल्पना महादूची. महादू ढिवरांच्या घरचा, तलावावर मासेमारी करणारा, माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या नावावर जमीन नव्हती. आमचा तांदूळ नागपूरच्या दुकानांत जाऊ लागला तशी दुकानदारांनी पक्की बिलं मागितली. माझा थोरला भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. तो म्हणाला, "प्रायव्हेट लिमिटेड करू. पैसा मी टाकतो, आपली स्वतःची मिल बसवू. महादूले पगार देऊ." मला ते बरं वाटलं होतं.

बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि दादाला विचारलं, "दादा, तुमी गेले. मंग तुमचे शेअर कोणाकडे आले?"

दादा जरा दचकला. "पोराकडे."

"पोरगा कुठं राहते?"

"पुण्याले."

"त्यानं कोणाले विकले?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. बाई झाडाकडे पाहत म्हणाल्या, "मले शेत दाखवा."

कागद करण्याआधी जागा पाहायची त्यांची रीतच होती. त्या आल्या तेव्हा धान पिकायला आला होता. चपला काढून त्या तलावाच्या पाळीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. दुपारचं ऊन मऊ झालं होतं. वाऱ्याबरोबर लोंब्यांचा वास येई, जाई. पलीकडे कमळाच्या पानांवरून एक पक्षी चालत होता, पान बुडायच्या आत पुढच्या पानावर. बाईंना झोप लागली असं समजून आम्ही हळू बोलू लागलो. तेवढ्यात डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "महादूभाऊ, या सगळ्यात तुमी कुठं आहा?"

महादू हसला. "मी पाण्यात हाव, बाई. कागदात नाही."

मग तिथेच बसून त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. माझ्या एकट्याच्या नावावर धंदा केला, तर तो माझ्याबरोबरच संपेल. भागीदारीत एकाचं कर्ज दुसऱ्याच्या घरावर येईल. प्रायव्हेट कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त. शेतकरी उत्पादक कंपनी केली तर निदान दहा उत्पादक गोळा करावे लागतील, पण धान पिकवणारा जसा उत्पादक, तसाच मासे पाळणारा. आणि जमीन कितीही असो, माणशी मत एक. "सातबारा हाय तिथंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "कंपनीनं धान घ्यावा, मासा घ्यावा, विकावा. जमिनीले हात लावू नये."

"म्हणजे पैसा माझा, अन् मत सगळ्याइतकंच?" दादाने विचारलं.

"हो."

"मंग मी कायले टाकू?"

"नका टाकू," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, महादूभाऊनं यायचं बंद केलं. त्या साली तुमचं शेत कसं होतं?"

मी बांध्यांकडे पाहिलं. ते साल मला खरोखर दिसू लागलं. धान होता, पाणी होतं, पण पाणी हलत नव्हतं. बांधावर मी एकटाच उभा होतो आणि हाक मारायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "उत्पादक कंपनी करू."

दादाने पैसा टाकला नाही आणि कितीतरी महिने तो माझ्याशी बोललाही नाही. घरच्या जेवणात त्याची जागा रिकामी राहिली की आईचा हात वाढता वाढता थांबे. आमची मिल झाली नाही. धान तुमसरला नेऊन भरडून आणावा लागे. पण शेतकरी आणि ढिवर मिळून दहाच्या वर माणसं जमली, कंपनी झाली, आणि सगळ्यांनी महादूला अध्यक्ष केलं.

पहिल्या मोठ्या सभेला बाई पाहुण्या म्हणून आल्या आणि मागे बायकांमध्ये बसल्या. उन्हाळी धान घ्यावा, असं मी मांडलं. त्याला तलावाचं पाणी लागणार होतं. ढिवरांना ते माशांसाठी राखायचं होतं. हात वर झाले आणि मी हरलो. माझ्याच बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यांनीही माझ्या विरुद्ध हात वर केले होते.

जेवणानंतर बाई माझ्याबरोबर पाळीवरून चालल्या.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"येऊ द्या. मले मात्र आज लय बरं वाटून राहिलं." एवढंच बोलून त्या एसटीत बसल्या.

पुढे डोळे अधू झाल्यावर खोली बंद करून त्या रायपूरला मुलीकडे गेल्या. उन्हाळी धान न घेतल्यामुळे दर उन्हाळ्यात आमच्या तलावात पाणी टिकू लागलं. अशाच एका उन्हाळ्यातल्या सकाळी मी महादूबरोबर डोंग्यातून जाळी काढायला गेलो होतो. बाईंच्या मुलीचा फोन आला, तो महादूला. कंपनीचा अध्यक्ष तो होता. "हो ताई," एवढंच तो दोनदा म्हणाला, आणि फोन खिशात ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. मला समजलं, बाई गेल्या.

त्याने वल्हं उचलून आडवं ठेवलं. डोंगा आपल्या ओघाने काही वेळ तसाच पुढे जात राहिला. पाण्यात आमच्या दोघांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या.