सव्वासहाचा आणा

परदेशात राहणारी नात सांगत होती, तिथल्या नाण्यांची सवय व्हायला तिला वर्ष लागलं. म्हटलं, बाई गं, आम्ही तर एरंडोलच्या बाजारात बसल्या जागी परदेशी झालो होतो! आणे जाऊन नवे पैसे आले, त्या दिवसांचे किस्से सांगावे तेवढे कमीच.

*

मी मिरच्या विकायचे. जुनी चवली चौकोनी, नवे पाच पैसेही चौकोनी. दोन आणे समजून मी पाच पैसे घेत राहिले. त्या दिवशी गिऱ्हाईक मात्र फार खूश होतं.

*

एका आबांना सुट्टा एक नवा पैसा दिला. नखावर ठेवून म्हणाले, “हाई तं सदरानं बटन शे.” पुढच्या बाजारी सोनाराकडून कडी लावून तो खरंच सदऱ्याला टाचून आले.

*

माझ्या शेजारी अक्का मेथी विकायची, आण्याला जुडी. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. पोट त्या जागेवरच. नव्या पैशांचा घोळ पाहून दीर म्हणाला, “वहिनी, हाई काम तुमनं नही. पुढला बाजारपासून मी बसस.” मला असा राग आला! अक्का एवढंच म्हणाली, “एक बाजार थांबा, नाना.”

आठवडाभर तिने मेथीच्या काड्या मांडून हिशेब घोकला. आण्याचे खरे सव्वासहा पैसे, पण पाव पैसा कुठून आणणार? म्हणून एका आण्याचे सहा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. चार वेळा सहा काड्या मांडल्या की चोवीसच भरायच्या. “एक कोठे गया?” म्हणून तिने चहावाल्यालाही सोडलं नाही.

*

बाजाराच्या दिवशी दीर बसकर घेऊन हजर. तेवढ्यात आमचे एक गुरुजी आले. चार जुड्या हव्या असल्या की ते एकेक करून चार खेपा घालत आणि दर खेपेला सहा पैसे देत. एक पैसा वाचे. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला अक्काने जुडी हातातच धरली.

“गुरुजी, तीन आण्याचे एकोणीस. तुम्ही अठरा दिले. आधी तो एक टाका, मग चौथीचे सहा.”

गुरुजींनी सात पैसे मोजले. दीर बोटांवर मोजत पुटपुटला, “तीन आण्याले एकोणीस कसं काय?”

अक्काने त्याचं बसकर उचललं आणि टोपलीच्या पलीकडे टाकलं. “बसा नाना. पण गिऱ्हाईकनी बाजूले बसा.”