अठ्ठेचाळीस घरांचं मत

ताडकळसची भागम्मा लग्न होऊन तालुक्याच्या गावी आली ती थेट पालिकेच्या चाळीत. नवरा नळाला पाणी सोडायचा. तो गेल्यावर तिनं शाळेत खिचडी शिजवून दोन मुली उजवल्या.

मागच्या वर्षी चाळीचं पुढं काय करायचं, हे विचारायला पालिकेनं रहिवाशांची बैठक बोलावली. डागडुजी करायची, की पाडून तीन मजली इमारत बांधायची? नोटीस कचेरीच्या फळ्यावर, वेळ सकाळी अकराची. अठ्ठेचाळीस घरांतून सात माणसं आली. पालिकेचे साहेब कागद आवरायला लागले तशी भागम्मा उठली.

"सात जणांवर ठरवू नका साहेब. आठ दिवस द्या, मी घरोघर विचारून येते."

साहेबांनी आठ दिवस दिले. तिला लिहिता येत नव्हतं. शेजारची राजेश्री कॉलेजातून आली की दोघी वही घेऊन निघायच्या.

भागम्माला स्वतःला डागडुजीच हवी होती. तिच्या खोलीचा गिलावा नवऱ्यानं हातानं केलेला. सगळे असंच म्हणतील, असं तिला वाटलं होतं. पण चाळीतल्याच सिद्धोधननं तिला आत नेऊन लेकराच्या पाळण्यावरचं छत दाखवलं. पोपडे पडून सळया उघड्या झाल्या होत्या. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग राजेश्रीला म्हणाली, "ह्यो बोलला तसंच लिही."

एकतीस घरांना नवी इमारत हवी होती. पण एकदा बाहेर पडलो की परत घेतील का, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

पुढची बैठक चाळीच्या पटांगणात, संध्याकाळी भरली. साहेबांनी तिचं मत विचारलं.

"माझं मत डागडुजीचं हाय. पण एकतीस घरांना नवी पाह्यजे, ते लिवा. ज्याची खोली त्याला परत यायचा कागद द्या. पासष्टीपुढच्यांना अन् अपंगांना तळमजला. त्याबिगर आमी खोल्या सोडणार न्हाई."

कागदाचं आपल्या हातात नाही, असं साहेब म्हणाले. भागम्मा खाली बसली नाही. मागं एकेक जण उभा राहिला. शेवटी दोन्ही अटी ठरावात आल्या, आणि महिन्याभरात घरटी शिक्क्याचा कागद मिळाला. त्यानंतरच चाळ रिकामी झाली. भागम्मा शेवटी निघाली.

आता दुसऱ्या मजल्याचं काम चाललंय. बाकीच्या खोल्यांच्या सोडतीत तिला तिसरा मजला आला. गुडघे दुखतात, पण वय बासष्ट. सिद्धोधन सोडतीत आलेली आपली खालची खोली द्यायला तयार होता. तिनं नको म्हटलं.

"अट मीच घातली," ती म्हणाली. "चढंन मी."