वेन्डल कांगासचे चार मासे

आमच्या गावात कुणालाही विचारा, वेन्डल कांगासनं तीन माशांपायी बायकोचं लिव्हर घालवलं, असंच सांगतील. पोस्टातल्या मिसेस साल्मी तर प्रत्येक शब्दावर तिकीट चिकटवल्यासारख्या थांबत सांगतात, "फोन... खिशात. खिसा... तळ्यावर. आणि तळ्यावर... रेंज कुठली बाई!" मग ओठ मिटून मान हलवतात. पार्सल पोचलं.

खोटं आहे. त्या दिवशी वेन्डल तळ्यावर गेलाच नव्हता. त्या अख्ख्या हिवाळ्यात त्यानं एक मासा धरला नाही. तळ्याची थाप त्याची स्वतःची, आणि मासे माझे. खरं काय ते लिहायला त्यानं परवा मला परवानगी दिली.

मला आवाज काढायची खोड आहे. पास्टरचं खाकरणं, मिसेस साल्मींचं तिकीट, सगळं येतं. म्हणून वेन्डल मला रेडिओ म्हणतो. त्याला गावात मागेही वेन्डल, पुढेही वेन्डल. मी तेवढी तोंडावर मिस्टर कांगास म्हणते, कारण शेजारच्या घरातून आई ऐकत असते. एकतीस वर्षं त्यानं रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवली. बोलणं कमी. 'हो' म्हणायचं तर श्वास आत ओढून म्हणायचा, कढत कॉफीचा घोट घेतल्यासारखं. नक्कल करायला याच्याइतका सोपा माणूस नाही. निदान मला तसं वाटायचं.

बायको लोर्ना. शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आम्ही सगळी तिच्या हातचं खाऊन वाढलो. हसायला लागली की उकळत्या पातेल्यावरचं झाकण थडथडावं तशी हसायची. तिचं लिव्हर गेलं आणि दुसऱ्या लिव्हरसाठी नाव यादीवर लागलं. हॉस्पिटल सहा तासांवर. लिव्हर मिळालं की तिथून फोन येणार, आणि तासाभरात उचलला नाही तर पुढच्या माणसाला जाणार. कांगासांचं घर खोलगट जागी, रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेव्हा फोन त्या खिडकीत, एका बशीत. त्या नंबरावर गावातलं कुणी फोन करायचं नाही, हे न ठरवता ठरलं होतं. दोन कांदे आहेत का, एवढं विचारायला माझी आई उणे वीसमध्ये बूट चढवून जायची.

दाराआड भरलेली बॅग, गाडीची टाकी कधी निम्म्याखाली नाही. लोर्नाला मीठ बंद झालं, तर घरातूनच मीठ गेलं. वेन्डल मांस आणि सलगम भरून करंजीसारखी पास्टी भाजायचा, ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. तो दोन खायचा आणि म्हणायचा, "यंदा सलगम गोड आहे." तिच्या अंगाला सतत खाज, सॉनाच्या खोलीतली वाफ सोसेना. मग शनिवारचा सॉना त्यानं स्वतःसाठीही तापवला नाही. आत सरपण रचून टाकलं.

आणि ते गोड, चिकट औषध. दिवसातून चार वेळा घ्यायचं. चुकलं की तिचं डोकं धुक्यात जायचं. मग ती चमचे बुटात ठेवायची, मला माझ्या आजीच्या नावानं हाक मारायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. छपरावर कमरेएवढं बर्फ साचलं होतं, ते ओढायला वेन्डल दोन तास वर होता. मी त्यांचं भांडं परत द्यायला मागच्या दारानं गेले, तर तो नुकताच आत आलेला, टोपीवर अजून बर्फ. फ्रीजरचं झाकण उघडं. ब्लूबेरीच्या पिशव्यांमधून त्यानं फोन काढला आणि पँटला पुसला. खिडकीतल्या बशीत लोर्नाचा केस विंचरायचा ब्रश होता. ती खुर्चीत बसून गुणगुणत होती. मला म्हणाली, "आलीस? बस. पोरांची जेवणं झाली का?"

हॉस्पिटलचे चार फोन येऊन गेले होते.

त्यानं खिडकीपाशी उभं राहून परत फोन लावला. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. आत ओढलेला एक 'हो'. अजून एक. "समजलं. नाही नाही, तुमची काय चूक." मग फोन बशीत ठेवला, ब्रश लोर्नाच्या हातात दिला आणि मला दाराबाहेर नेलं.

"रेडिओ, तू काही पाहिलं नाहीस. मी तळ्यावर होतो. फोन माझ्या खिशात होता."

"पण तुम्ही तर छपरावर..."

"शुद्धीत आली की पहिलं विचारेल, फोन कुठं होता? काय सांगू? तूच ब्लूबेरीत घातलास?"

तो हातमोजा काढत, घालत होता.

"खाजेनं चार रात्री तिचा डोळा लागला नव्हता. काल लागला. रात्रीचं औषध मी चुकवलं, सकाळचंही. म्हटलं, झोपू दे. आता सांग, चूक कुणाची?"

मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, "लपायचं नाही हे. कुणीतरी खोचून बोलेल आणि तुमच्याच तोंडून निघेल. तिच्यासमोर."

"पैज?"

"पैज."

"मी हरलो तर माझी तळ्याच्या बर्फावरची मासे धरायची खोपी तुझी. गळासकट."

"आणि मी हरले तर?"

"मी सांगेन तिथं माझी नक्कल करायची."

मी हसलेच. ही काय शिक्षा झाली?

पहिल्यांदा तळ्याची नक्कल केली ती त्याच्या थापेला हातभार म्हणून, खरंच. दुसऱ्यांदा केली ती लोक हसले म्हणून. तिसऱ्यांदा मी त्यात मासे घातले. खोपीत बसलेला वेन्डल, श्वास आत ओढत, "एक... दोन... तीन... हं, काहीतरी वाजल्यासारखं वाटलं." को-ऑपच्या दुकानात लोक पोटं धरायचे. आठवड्याभरात मासे खरे झाले. गंमत म्हणून घातलेले ते तीन मासे त्याच्या गळ्यात अडकतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढा तिखट कान, आणि आपण काय बोलतोय तेच ऐकू येत नव्हतं.

मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या एका शुक्रवारी, हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. लोर्नाचा दिवस चांगला होता, ती आली. अळणी बटाटा खात होती आणि सगळ्यांच्या ताटातलं डोळ्यांनी खात होती. तिचा भाऊ डेल ताट घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"काय वेन्डल, मासा गोड लागतो का रे? तीन माशांसाठी! माझी बहीण, आणि तीन मासे!"

मी वेन्डलच्या गळ्याकडे बघत होते. आता निघणार, आता. खोपी माझी. आणि तेव्हा पहिल्यांदा मला ती नकोशी झाली.

त्यानं श्वास आत ओढला.

"चार," तो म्हणाला. "चौथा लहान होता. सोडून दिला."

डेलचा काटा ताटात पडला. लोर्ना म्हणाली, "बस रे खाली, डेल. विसराळू नवरा बरा असतो. माझ्या किती चुका विसरलाय, तुला काय माहीत!" आणि झाकण थडथडलं. वेन्डल कॉफी आणायला उठला. कप भरलेलाच होता.

मग ती माझ्याकडे वळली. "कर गं ती तळ्याची. मी अजून पाहिलीच नाही." केली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कॉफीच्या भांड्यापाशी वेन्डलही हसत होता. तो चेहरा मी घरी आरशासमोर करून पाहिला. जमला नाही. अजून जमत नाही.

दुसरा फोन आला नाही. एप्रिलमध्ये, तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आधी, लोर्ना गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, नवरा तळ्यावर होता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. हॅमची सँडविचं, वेलदोड्याचा गोड पाव. मी कोपऱ्यात, कुणी बोलू नये म्हणून तोंड भरून उभी होते. वेन्डल कप घेऊन आला.

"रेडिओ, पैज हरलीस."

"हो."

"मग? कर."

"इथं? आज?"

"तिला आवडायची."

मी पाव गिळला, माणसांसमोर गेले, श्वास आत ओढला. खोपीत बसले. गळ टाकला. आधी कुणी हसेना, मग मिसेस साल्मींचं नाक वाजलं, मग डेल रडता रडता हसायला लागला. मी बोटं मोजली. एक... दोन... तीन...

"चार," मागून आवाज आला.