भिंतीवर तीस दिवस माझं नाव

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली, हाताला पेनापेक्षा धानाच्या रोपांची सवय जास्त. ही वही कोणाच्या हाती लागली तर त्याने मला माफ करावं आणि वही होती तिथं ठेवून द्यावी. एक शब्द मात्र गुरुजींनी चांगला घोटून घेतला होता, माझं नाव. ते मी न अडखळता लिहिते. हे सगळं त्या नावापायीच झालं.

मी कामठ्याची. आईवडील गेल्यावर भावाच्या घरी राहत होते. रोवण्याच्या दिवसांत बायांच्या टोळीबरोबर लोकांच्या शेतात धान लावायचं, बाकीचे दिवस राईस मिलमध्ये काम. मिलची मोटर बिघडली की फुलचूरहून एक इलेक्ट्रिशियन यायचा. तो ख्रिस्ती. मी इतकी लाजरी की दुकानात मीठ मागायचं तरी आधी मनात दोनदा म्हणून बघायची. तोही कमी बोलायचा. दोन वर्षं त्याने मोटर दुरुस्त केली आणि मी त्याला प्यायला पाणी दिलं, एवढंच. मग एक दिवस त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं.

भाऊ म्हणाला, "लगन करायचं तर आपल्या मांडवात. त्याले म्हणा, गळ्यातला क्रॉस काढ, देवापुढं नारळ फोड. मग पाहू."

त्याच्या आईने शाळेत आयाची नोकरी करून एकटीने त्याला वाढवलं होतं. तिने मला जवळ बसवलं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलते ती. म्हणाली, "बेटी, मेरा एक ही लडका. त्याची शादी चर्चमध्ये व्हावी, बस, दुसरं काही नको मला."

मी हो म्हणून मान हलवली. ती माझी चूक. तोंडाने नाही म्हणायला लाज वाटली म्हणून हलवली, तिने ते वचन धरलं. आठ दिवसांत पांढरी साडी आणली, मंडपवाल्याला आणि जेवणवाल्याला ॲडव्हान्स देऊन टाकला.

मग आम्ही पास्टरांकडे गेलो. माणूस चांगला. चहा दिला आणि म्हणाले, "आमच्या चर्चमध्ये आधी बाप्तिस्मा, मग लग्न. त्या वेळी नवं नाव घेतात. घाई करू नका, नीट विचार करा." सासूने नाव ठरवूनही ठेवलं होतं. नाव गोड होतं. बाहेर आल्यावर ती त्या नावाने मला हाक मारून पाहत होती आणि माझ्या तोंडून ओ निघत नव्हती.

तो मला गाडीवर कामठ्याला सोडायला निघाला. वाटेत मी विचारलं, "तू आमच्या मांडवात क्रॉस काढून बसशील?"

"नाही."

"मग मीच काऊन बदलू?"

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. मग म्हणाला, "नको बदलू. कोर्ट मॅरेज करू."

लोक म्हणाले, लाजते ना, चार माणसांपुढं उभं राहायला नको म्हणून कोर्टात करून राहिली. त्यांना काय माहीत! चर्चमध्ये काय, मांडवात काय, मान खाली घातली की नवरीचं निभतं. गोंदियाच्या लग्ननोंदणीच्या ऑफिसात तसं नाही. तिथं आधी नोटीस लागते. माझं नाव, वय, पत्ता आणि फोटो तीस दिवस भिंतीवर. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं आणि कोणाची हरकत असेल तर लिहून द्यावी.

गावातल्या बाया बाजाराला गेल्या की मुद्दाम ऑफिसात जाऊन पाहून यायच्या. एक जण हापशीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटो मस्त आला वो तुझा. इलेक्शनले उभी राहून राहिली का?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. तरी मी म्हटलं, "मत देजो मग."

माझ्याच तोंडून ते निघालं याचं मला दिवसभर नवल वाटत होतं.

बाराव्या दिवशी भाऊ तो कागद भिंतीवरून फाडून घेऊन आला आणि माझ्यापुढं टाकला. "घे. मोडलं तुझं लगन." त्याला खरंच तसं वाटलं होतं. आमच्याकडे साक्षगंधाची साडी परत पाठवली की सोयरीक मोडते. कागदाचंही तसंच असेल असं त्याने धरलं. मीही रात्रभर तेच धरून रडले.

सकाळी मी एकटी गोंदियाला गेले. तोवर कोणत्या साहेबाशी आपणहून बोलले नव्हते. ऑफिसातल्या बाबूपुढं फाटलेले तुकडे ठेवले.

तो म्हणाला, "बाई, नोंद आमच्या वहीत आहे. भिंतीवर होती ती नक्कल." आणि त्याने दुसरी नक्कल काढली.

मी म्हटलं, "जरा उंच लावा ना, साहेब. माझ्या भावाचा हात पुरला नाही पाहिजे."

तो हसत स्टुलावर चढला.

पुढच्या आठवड्यात भाऊ लेखी हरकत घेऊन गेला, घरचे राजी नाहीत म्हणून. बाबूने माझं वय वाचून दाखवलं, सव्वीस, आणि घरचे राजी नसणं ही हरकत होत नाही असं सांगितलं. त्यानंतर भाऊ माझ्याशी बोलला नाही. अजूनही बोलत नाही.

सासू मात्र बोलली. "साडी, मंडप, जेवण, अठरा हजार डुबाये मेरे. करायचं नव्हतं तर मुंडी कायको हिलाई?"

यात तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, "बुडणार नाहीत. मी देईन."

तिचा मुलगा म्हणाला, मी देतो. मी नाही म्हटलं. मान मी हलवली होती.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. रोवण्याच्या टोळीतल्या तीन बाया रोजी बुडवून आल्या. साहेबांनी सांगितलं, तुम्ही याला कायदेशीर नवरा म्हणून स्वीकारता, हे स्वतःच्या तोंडाने, स्वतःचं नाव घेऊन म्हणा. मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं," साहेब म्हणाले.

मागून आमच्यातली म्हातारी ओरडली, "बोल ना वो! रोवण्यात गाणं म्हणते तं चार बांध्यांपलीकडं आयकू येते!"

मी मान वर केली आणि म्हटलं. माझं नाव, बापाचं नाव, सगळं. पलीकडच्या खोलीतला माणूस काय झालं म्हणून दारात येऊन उभा राहिला. मग मी सही केली, शाळेत घोटलेल्या अक्षरात.

आम्ही सासूजवळच फुलचूरला राहतो. एका घरात राहून तिचे पैसे तिलाच देत आले. रोवण्याचे दिवस आले की टोळीबरोबर जायचं आणि आल्यावर तिच्या हातावर नोटा ठेवायच्या. पहिलं वर्षभर तिने मला त्या गोड नावानेच हाक मारली. मी भांडले नाही, फक्त ओ दिली नाही. आता रागात असली तरी माझ्याच नावाने हाक मारते.

यंदा दोन हजार राहिले होते. ती म्हणाली, "रहने दे. एकदा ती पांढरी साडी नेस आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर आशीर्वाद घे. पैसे माफ."

मी म्हटलं, "मम्मी, नाताळला मी तुमचा हात धरून चर्चमध्ये येतेच ना? पुढंही येईन. पैशाच्या बदल्यात नाही येणार."

रोवणा संपला त्या संध्याकाळी, पायाचा चिखल धुवायच्या आधी, मी पाचशेच्या चार नोटा तिच्यापुढं ठेवल्या. तिने त्या दोनदा मोजल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पूरे हो गये."

अठरा हजार. एक रुपया बाकी नाही.